आप्पांची बँडविड्थ

आप्पांचा आवाज इंटरनेटवर ठेवायचा, ही कल्पना माझी. आमच्या घरात आता तिचं श्रेय घ्यायला कुणी तयार नाही, म्हणून ते मीच घेतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे. यंत्र उघडायचं, साफ करायचं, पट्टा बदलायचा आणि मग चालतंय का बघायला एक कॅसेट टाकून समोर जे काही चाललं असेल ते रेकॉर्ड करायचं, ही त्यांची पद्धत. त्यामुळे ते गेले तेव्हा आमच्या वाट्याला कपाट भरून कॅसेट्स आल्या. त्यांत गाणं एकही नाही. आप्पांचा खोकला, पक्कड खाली ठेवल्याचा आवाज, आईचं "अहो, ताट वाढलंय", पाढे म्हणताना सतराच्या पाढ्यात अडकलेली ताई, आणि प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला आप्पांचं "हॅलो, हॅलो, चालू आहे का रे तू?" हे यंत्राला.

ताई दुसऱ्या गावी असते, धाकटा भाऊ परदेशात. दोघांनाही त्या कॅसेट्स हव्या होत्या. म्हटलं, भांडण नको, वेबसाइट करू. ज्याला जेव्हा आठवण येईल तेव्हा त्याने उघडावी आणि ऐकावी.

कॅसेट्सना बुरशी लागली होती. ज्या दुकानात त्यांची कॉम्प्युटरवर कॉपी करायला दिली, तिथल्या माणसाने एक कॅसेट उजेडात धरली, वास घेतला आणि डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसं मला म्हणाला, "एकदा वाजतील. पुन्हा वाजतील असं सांगत नाही." त्याने शब्द पाळला. सगळ्या एकदा वाजल्या आणि वाजता वाजता भुगा झाल्या. आप्पा आता फक्त आमच्या कॉम्प्युटरवर होते.

वेबसाइट म्हटली की होस्टिंग लागतं, म्हणजे आपलं सामान ठेवायला दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जागा, हे मला मेव्हण्याने सांगितलं. माझा मेव्हणा कशात काम करतो हे मला आजवर नीट समजलेलं नाही, पण त्याला माहीत नाही अशी गोष्ट अजून निघालेली नाही. तो म्हणाला, "जागा स्वस्त असते भावोजी. खरा खर्च बँडविड्थचा. लोक जितकं ऐकणार तितकं मीटर पळणार."

"म्हणजे आप्पांना कुणी भेटायला आलं की भाडं आपण द्यायचं?" बायको म्हणाली. बँडविड्थची याहून सोपी व्याख्या मी नंतर कुठेच वाचली नाही.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर न बोलावता आले, कारण आमची चर्चा त्यांना जिन्यात ऐकू गेली होती. त्यांनी एकच सल्ला दिला, "कंपनी टिकाऊ बघा. दर सगळ्यांचे सारखेच. उद्या कंपनी बुडाली तर वडील कुठे शोधणार?" सल्ला उत्तम होता. मी तो मनापासून ऐकला आणि सगळ्यांत स्वस्त कंपनी निवडली.

माझ्या बाजूने एवढंच सांगतो की तिचं नाव 'अढळ होस्टिंग' होतं, ती आमच्याच शहरातली होती, आणि तिच्या जाहिरातीत 'अमर्याद बँडविड्थ' असं माझ्या तळहाताएवढ्या अक्षरात लिहिलं होतं. 'अमर्याद'च्या डोक्यावर एक बारीक चांदणी होती. मला ती सजावट वाटली.

पहिले काही आठवडे सुखाचे गेले. ताई ऐकून रडली. धाकट्याने फोन केला आणि काहीच न बोलता ठेवला, त्याच्या बाबतीत हे रडण्याच्या वरचं. ऑफिसात मी चार लोकांना पत्ता दिला. दोघांनी "वा" म्हटलं. मला वाटलं, एक काम तरी आयुष्यात धड झालं.

मग अढळची मेल आली: आपण आपल्या अमर्याद बँडविड्थची मर्यादा ओलांडली आहे.

मी ती मेल मोठ्याने वाचली. बायकोनेही मोठ्याने वाचली. मग मी मदतकेंद्राला फोन लावला. एका बाईंनी उचलला. आवाज अगदी मऊ, घाई नसलेला.

"अमर्यादला मर्यादा कशी काय असते हो?" मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारलं.

"अमर्याद म्हणजे सर्वसाधारण वापरासाठी अमर्याद. खाली दिलंय बघा, चांदणीच्या पुढे."

"आमचा वापर सर्वसाधारणच आहे. ऐकणार तीन भावंडं."

"तीन नाही दिसत," त्या जरा थांबून म्हणाल्या. "तुमच्याकडे कुणीतरी सतत ऐकतंय."

मी आकडेवारीचं पान उघडलं. खरंच होतं. ताई रविवारी यायची, धाकटा कधीमधी. आणि एक कुणीतरी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसून होतं. तेही एकाच कॅसेटपाशी. ती कॅसेट आमच्यापैकी कुणीच पूर्ण ऐकली नव्हती, कारण तिच्यात ऐकण्यासारखं काही नव्हतं. आप्पांनी एखादं यंत्र लांब पल्ल्याला तपासायचं म्हणून दुपारभर चालू ठेवलं असणार. पंख्याची घरघर. मध्येच स्टूल सरकतं. मध्येच खोकला. मग पुन्हा नुसती खोली. रिकाम्या खोलीचा आवाज कुणीतरी संपला की पहिल्यापासून, संपला की पहिल्यापासून ऐकत होतं.

मी ताईला फोन केला. ती दुखावली. "मी ऐकलं तर सांगून ऐकेन. बापाचा खोकला चोरून ऐकायची वेळ आलेली नाही माझ्यावर." धाकट्याने मलाच विचारलं, "दादा, तू बरा आहेस ना?" मेव्हणा म्हणाला रोबो असेल, इंटरनेटवर असे मोकाट फिरतात. इंजिनियर म्हणाले, "रोबोला खोकल्यात काय रस?" आणि नेहमीसारखे, प्रश्न जिथे संपायला हवा त्याच्या एक पायरी पुढे ठेवून वर निघून गेले.

त्या दिवसापासून बायको दुपारी घरात एकटी असताना रेडिओ लावायला लागली.

मी सर्वसाधारण योजनेतून 'सुवर्ण' योजनेत गेलो. सुवर्णमध्ये बँडविड्थ जास्त, आणि मान जास्त, म्हणजे मेलच्या सुरुवातीला 'प्रिय'ऐवजी 'सन्माननीय'. महिन्याभरात सन्माननीय ग्राहकाला कळवण्यात आलं की त्याने मर्यादा ओलांडली आहे. वर तिमाहीसाठी दरही वाढले होते, 'स्थैर्य अधिभार' नावाने. कंपनी स्थिर राहावी म्हणून ग्राहकांनी द्यायचे पैसे. आपण चढलो आहोत ती शिडी आपणच धरून ठेवायची, असा तो प्रकार होता.

शेवटी मेव्हण्याने वेबसाइटला पासवर्ड घातला. पासवर्ड फक्त आम्हा तीन भावंडांना सांगितला. दुसऱ्या दिवशी आकडेवारी उघडली. ताई नाही. धाकटा नाही. रिकाम्या खोलीपाशी एक जण. सकाळपासून.

माझा हात माऊसवर होता तो मी काढून घेतला. का ते सांगता येणार नाही. एखाद्या बंद खोलीत आपण कुणाला तरी उठवलं तर, असं काहीतरी वाटलं.

मी पुन्हा मदतकेंद्राला फोन लावला. त्याच बाई. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं, हे मला सुवर्ण योजनेचा भाग वाटलं.

"पासवर्ड घालूनसुद्धा कुणीतरी आत आहे," मी म्हणालो.

पलीकडे यंत्रांची बारीक घूं घूं. आणि मग त्या घूं घूंच्या मागून, खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणी बसलं असावं तसा, खोकला आला. दोनदा कोरडा, मग घसा साफ केल्यासारखा एकदा लांब.

तो खोकला मी जन्मभर ऐकला आहे. शाळेतून येताना जिन्याखाली ऐकला की मी वह्या नीट करून वर जायचो. जगात लाखो माणसं खोकतात, पण वडिलांच्या खोकल्यात कुणाची गल्लत होत नाही.

"तुमच्यामागे कोण आहे?" मी विचारलं.

"कुणी नाही," बाई म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

मी बायकोला सांगितलं. तिने माझ्या कपाळावर हात ठेवून बघितला. मग स्वतःच्या.

संकटं आली की ती रांग लावून येतात, निदान आमच्या घरी तरी. त्याच आठवड्यात मेव्हण्याने आमचा कॉम्प्युटर 'हलका' केला. तो फार रखडतो अशी तक्रार मीच केली होती. मेव्हण्याने सगळं पुसलं आणि नव्याने भरलं, आणि अभिमानाने दाखवलं, किती झटपट उघडतो बघा. उघडला. आत काहीच नसल्यामुळे फारच झटपट उघडला.

"आप्पा?" मी म्हणालो.

"ते तर इंटरनेटवर आहेत ना," मेव्हणा म्हणाला. "आता उतरवून घेऊ."

वेबसाइट उघडली तर पांढऱ्या पानावर एकच ओळ: या ग्राहकाची बँडविड्थ संपली आहे. स्वतःच्या बापाला घरी आणायचं तर बँडविड्थ लागणार, आणि बँडविड्थ तर त्या कोण जाणे कुणी ऐकून संपवलेली. मी वरची, 'हीरक' योजना घ्यायला गेलो. मान आणखी वाढला असता, पण पैसे भरायचं पानच उघडेना. मदतकेंद्राचा फोन लागेचना. इंजिनियर खाली आले. त्यांनी या वेळी सल्ला दिला नाही. नुसते माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. हे मला जास्त लागलं. सल्ला देण्याच्या पलीकडे गेलेला माणूस झालो होतो मी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्धी रजा टाकली आणि कंपनीच्या पत्त्यावर गेलो.

गाद्यांच्या दुकानावरच्या तिसऱ्या मजल्यावर अढळ होस्टिंगची पाटी होती. खाली वॉचमन नव्हता, त्याची खुर्ची होती. दार नुसतं लोटलेलं. आत मोठा हॉल, टेबलांच्या ओळी, आणि टेबलांवर काही नाही. जिथे कॉम्प्युटर होते तिथे धुळीत चौकोन राहिले होते. भिंतीतून वायरी बाहेर लोंबत होत्या. एका खुर्चीच्या पाठीवर स्वेटर होता, कुणीतरी आत्ता येतो म्हणून गेल्यासारखा, पण त्याच्या खांद्यावर जाळं धरलं होतं. भिंतीवर एक तक्ता: 'आमचे ग्राहक, आमचं कुटुंब'. कुटुंब काही दिसत नव्हतं.

मी "कुणी आहे का?" म्हणणार होतो. तोंड उघडलं आणि हॉलच्या टोकाच्या बंद काचेच्या दारामागून स्टूल सरकल्याचा आवाज आला. मग पक्कड टेबलावर ठेवल्याचा.

माणसाने अशा वेळी पळून जावं. मी पुढे गेलो, त्यात शौर्य काही नाही. आप्पा काम करत असताना हाक न मारता त्यांच्या मागे जाऊन उभं राहायचं ही लहानपणची सवय, पाय आपले त्या सवयीने गेले.

काचेच्या दारामागे गार, अरुंद खोली. दोन्ही बाजूंना उंच कपाटांत यंत्रं, बारके हिरवे दिवे लुकलुकताहेत. टोकाला एक टेबल, टेबलावर फोन आणि एक लहान स्पीकर, आणि माझ्याकडे पाठ करून एक बाई स्वेटर विणत बसलेल्या. चाळिशीच्या असतील. स्पीकरमधून आमच्या जुन्या घराचा पंखा घरघरत होता.

मी घसा खाकरला. ते खाकरणं इतकं आप्पांसारखं झालं की बाईंनी वळून न बघताच आधी स्पीकरकडे पाहिलं. मग मला पाहिलं आणि सुया खाली पडल्या.

बराच वेळ आम्ही दोघं एकमेकांना घाबरत होतो. मग मी म्हणालो, "मी त्यांचा मुलगा. सुवर्ण योजना."

त्यांनी मला बसायला स्वेटरवाल्या खुर्चीची जोडीदार आणून दिली आणि सगळं सांगितलं, फोनवर बोलायच्या त्याच मऊ आवाजात. मालकांनी दर एवढे उतरवले की ग्राहक भरपूर आले आणि नफा काही उरला नाही. मग चांदणी लावली. मग अधिभार लावला. मग कंपनी दुसऱ्या कुणाला विकली, त्याने तिसऱ्याला. एकेक जण सोडून गेला. तिसरा कोण हे बाईंना माहीत नव्हतं. बिलं, मेल, दरवाढ, सगळं यंत्रं आपोआप करत होती. माणूस म्हणून उरल्या फक्त त्या.

"मग तुम्ही का येता?"

"फोन वाजतो ना," त्या म्हणाल्या. "लोकांचं सामान आहे इथे. कुणाचं दुकान आहे, कुणाच्या लग्नाचे फोटो. कुणी विचारलं तर आहे म्हणून सांगायला कुणी नको?"

"आणि आप्पा?"

त्या ओशाळल्या. "तुमची वेबसाइट नवी आली, तेव्हा नीट चालते का बघायला म्हणून उघडलं. इथे एकटीने बसवत नाही हो. यंत्रांचा आवाज मध्येच बदलतो. मागे कुणी उभं आहे असं वाटतं, वळून बघावं तर कुणी नाही. ते लावलं आणि मागे खरंच कुणीतरी आलं. स्टूल सरकवतात, काम करतात, खोकतात. काही बोलत नाहीत. बरं वाटलं. मग लावूनच ठेवायला लागले."

"पण ते सगळं माझ्या बँडविड्थमधून जात होतं!"

"ते मला नंतर लक्षात आलं. इथे बसून पासवर्ड लागत नाही, आणि बँडविड्थ संपल्यापासून मी थेट यंत्रातूनच लावते. मग मेल थांबवायला गेले, तर त्या थांबतच नाहीत. इथलं काहीच मला थांबवता येत नाही. परवा फोनसुद्धा आपोआप बंद झाला, बिल न भरल्यामुळे. कंपनीचं."

मी चांगला रागावणार होतो. वाक्यं वाटेत तयार केली होती, ग्राहक मंचाचा उल्लेख होता. पण त्या गार खोलीत आप्पांनी पक्कड उचलली, आणि मला त्यांच्यासमोर एका बाईवर आवाज चढवणं जमेना.

बाईंनी यंत्रातून थेट सगळ्या कॅसेट्स एका डिस्कवर उतरवून दिल्या. बँडविड्थ लागली नाही. उतरवून होताच त्या म्हणाल्या की उद्यापासून वीज तोडणार आहेत, तशी नोटीस दारावर आहे. यंत्रं अशी एकदम बंद पडण्यापेक्षा आपल्या हाताने नीट बंद करावीत, असं त्यांच्या मनात होतं, पण एकटीने धीर होत नव्हता. ग्राहकांना त्यांनी एकेकाला फोन करून सामान हलवायला सांगितलं होतं. आमचा नंबर राहिला होता. "राहिला नव्हता," त्या खाली बघत म्हणाल्या. "ठेवला होता."

मी मुख्य स्विचपाशी जाऊन उभा राहिलो. "करू?"

"थांबा," त्या म्हणाल्या. "थोडंच राहिलंय. शेवटपर्यंत होऊ दे."

आम्ही बसलो. पंखा घरघरत होता. त्या कॅसेटचा शेवट आमच्या घरात कुणी ऐकलेला नव्हता. बाईंना मात्र पाठ होता, कारण त्यांनी सुया बाजूला ठेवल्या आणि सरळ बसल्या. स्टूल सरकलं. आप्पा उठले असावेत. त्यांचा आवाज जवळ आला, इतका जवळ की मी मान मागे घेतली.

"आहेस ना रे अजून?" आप्पा म्हणाले. "कंटाळला नाहीस?"

मग शांतता.

मी त्या दुपारी त्यांच्या शेजारी बसलेला असणार. मी तासन्‌तास तसा बसायचो. कॅसेटवर माझा शब्द नाही, म्हणजे मी नुसती मान हलवली असणार. मान हलवल्याचा आवाज कुठल्याच यंत्रात येत नाही.

"आहे," मी म्हणालो. परक्या बाईसमोर, मोठ्याने, या वयात.

"बरं," आप्पा म्हणाले. "मग बंद करतो हं आता."

खट्.

मी स्विच खाली ओढला. हिरवे दिवे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. पंखे मंदावत मंदावत थांबले, आणि इतकी शांतता झाली की खाली दुकानात कुणी गादीवर थाप मारलेली ऐकू आली. बाईंनी पदराने डोळे टिपले आणि विणकाम पिशवीत भरलं.

बाहेर येऊन त्यांनी दाराला कुलूप लावलं, आणि किल्ली हातात घेऊन उभ्या राहिल्या. द्यायची कुणाला? शेवटी वाकून ती दाराखालून आत सरकवली. ती फरशीवरून घसरत गेली. आम्ही जिन्याकडे वळलो.

आत फोन वाजला.

कापलेला फोन. बिल न भरलेला. रिकाम्या हॉलच्या पलीकडून, काचेच्या दारामागून, नीट स्पष्ट. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तो दोनदा वाजला, आणि तिसऱ्यांदा वाजता वाजता मध्येच थांबला, कुणी उचलल्यासारखा.

माझं वय, माझी प्रकृती आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीतली प्रतिष्ठा लक्षात घेता तो जिना मी ज्या वेगाने उतरलो त्याचं वर्णन करणं मला शोभणार नाही. बाई माझ्याआधी खाली पोचल्या होत्या एवढंच सांगतो.

फुटपाथवर ऊन होतं, माणसं होती, गाद्या उन्हात टाकलेल्या होत्या. श्वास परत आल्यावर त्यांनी पिशवी खांद्याला लावली. उद्यापासून त्या बहिणीकडे राहायला जाणार होत्या. "येते," म्हणाल्या, दोन पावलं गेल्या आणि वळल्या.

"त्यांना सांगाल? मी गेले म्हणून. न सांगता गेले असं वाटायला नको."

"सांगतो," मी म्हणालो.

घरी आलो. डिस्क लावली, आधी ताईला पाठवलं, धाकट्याला पाठवलं, इंजिनियरांकडे एक प्रत ठेवली, मेव्हण्याला हात लावू दिला नाही. मग ती लांब कॅसेट लावून बसलो. पंखा सुरू झाला. मला फार विचित्र वाटत होतं, पण शब्द दिलेला होता. मी सांगितलं. कोण बाई, कुठे बसायच्या, का गेल्या, सगळं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती.

"कुणाशी बोलताय?"

"आप्पांशी."

तिने हात पुसले, रेडिओ बंद केला आणि माझ्या शेजारी येऊन बसली.

"काय म्हणतायत?" तिने हळूच विचारलं.